माहेर ते माहेर: खंडेनवमी ते कोजागिरी

दसरा ते कोजागिरी हे दिवस पुण्याबाहेर, थोडे प्रवासात आणि थोडे नातलगांच्या घरांत घालवावेत, असं फार दिवस मनात होतं. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, पिकं काही शेतात तर काही खळ्यावर, आणि गावोगावी बायका-मुलींनी फेर धरलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला, खानदेशात गुलाबाई, वऱ्हाडात भुलाबाई. दिवस वेगळे, रीत थोडी वेगळी, गाणी पुष्कळशी तीच. माझं माहेर कोल्हापूरचं, सासूबाईंचं अकोल्याचं. थोडी वाकडी वाट केली की मधे तुळजापूर, आमची कुलदेवता.

निघण्याचं मुख्य कारण मात्र सासूबाईंची झोप. सासरे गेल्यापासून रात्री अडीचच्या सुमारास त्यांना जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला की मी समजते. उपचार चालू आहेत, गोळ्यांनी पुष्कळ उतारही आहे. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, चार दिवस माणसांत घेऊन जा. नवऱ्याला सुटी मिळत नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

खंडेनवमी, कोल्हापूर

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. ड्रायव्हरने स्टेअरिंगला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती. खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. वाटेत गॅरेजपुढे पान्हे आणि जॅक मांडून ठेवलेले, शिंप्याच्या दुकानात मशीनवर फुलं वाहिलेली. मला या पूजेचं नेहमी कौतुक वाटतं. ज्याच्या जिवावर वर्षभर पोट भरतं त्याला एक दिवस विसावा.

दुपारी माहेरी पोचलो तेव्हा आई कडाकण्या लाटत बसली होती. कडाकणी हा आमच्या भागाचा नवरात्रातला पदार्थ. पीठ गुळाच्या पाण्यात घट्ट मळायचं, पोळपाट आरपार दिसेल इतकं पातळ लाटायचं, दोरा ओवायला भोक पाडायचं आणि मंद आचेवर तळताना झाऱ्याने दाबत राहायचं, म्हणजे पुरीसारखी फुगत नाही, खडखडीत होते. त्याच पिठाची वेणी, फणी आणि करंडा करतात. हे सगळं दोऱ्यात ओवून घटावर टांगलं की फुलोरा झाला. देवीला खायलाही मिळालं आणि नटायलाही.

अकोल्याला सासूबाईंच्या माहेरी ही रीत नाही. त्या दारातच उभ्या राहून बघत होत्या. "विहीणबाई, बसा की अशा," म्हणत आईने परात त्यांच्याकडे सरकवली, "वेणी तुम्ही घाला, माझी बोटं आता वळत न्हाईत." सासूबाईंनी तीन पेडांची पिठाची वेणी घातली. टोक निमुळतं करताना त्यांनी जीभ दातांत धरली होती. इतकं लक्ष घालून काही करताना मी त्यांना बऱ्याच महिन्यांनी पाहत होते.

संध्याकाळी शेजारच्या वाड्यात हादगा होता. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २७ सप्टेंबरच्या आसपास. तिथपासून सोळा दिवस हा खेळ. लोकरीतीत हस्ताचं नातं हत्तीशी जोडतात, म्हणून भिंतीवर समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचं चित्र लावतात आणि त्यावर फळांच्या माळा सोडतात. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत चढत शेवटी सोळा. आम्ही गेलो तेव्हा हादगा बोळवायला आला होता, म्हणजे गाण्यांची चंगळ. माळेतली काकडी आणि सीताफळ पिकून त्यांचा वास अंगणभर झाला होता.

गणपतीच्या गाण्याने सुरुवात झाली आणि थोड्या वेळाने कारल्याचं गाणं आलं. ते माहीत नसलेली मराठी बाई विरळाच. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. पेरलं. उगवू दे, मग जा. वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. सगळं होतं, आणि सून पुन्हा विचारते तेव्हा उत्तर येतं, मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. तिथून दीर, नणंद, अशी रांगच लागते. इथे फेराचे आपोआप दोन भाग पडले. शाळकरी मुली सुनेचं म्हणायच्या आणि म्हाताऱ्या सासूचं. सासूबाई म्हाताऱ्यांत होत्या. वऱ्हाडी चालीत एक मात्रा लांबवतात, त्यामुळे त्यांची ओळ दरवेळी सगळ्यांच्या मागून संपत होती. दोन कडवी झाल्यावर मुलीही त्यांच्यासाठी थांबू लागल्या.

मला या गाण्यांचा थोडा रागही येतो, तो इथे लपवत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला टाळ्या वाजवत शिकवायचं की तुला तुझ्या आईकडे जायला घरभर परवानगी मागावी लागणार आहे, यात गोड काहीच नाही. त्या बायकांना तो जाच बदलता येत नव्हता, म्हणून त्या गात होत्या. रात्री अंथरुणावर मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी म्हणायचे तेव्हा मला तरी कुठे कळत होतं गं. कारलं कडू असतं एवढंच माहीत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मला अकोल्याला पाठवलं नाही. मोरीत भांडी घासत होते आणि हेच गाणं तोंडात आलं. म्हटलं, अरे, हे तर माझंच आहे. रडले खूप, पण गाणं म्हणत रडले. एकटीचं आहे असं वाटलं नाही."

तेव्हापासून मी या खेळाकडे वेगळ्या नजरेने बघते आहे. दुःख दारात यायच्या कितीतरी आधी त्याची चाल शिकवून ठेवलेली असते. खेळ म्हणून, मैत्रिणींच्या हातात हात घालून, शेवटी खिरापत खाऊन. पुढे वेळ आली की शब्द शोधावे लागत नाहीत.

दसरा, कोल्हापूर

सकाळी घट हलवला. मातीत पेरलेलं धान्य वीतभर उगवलं होतं, पिवळसर हिरवं. त्याचे तुरे भावाने टोपीत खोवले आणि आईने आम्हा दोघींच्या केसांत.

संध्याकाळी दसरा चौकात गेलो. अंबाबाई, भवानी मंडपातली तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या येतात, सूर्य मावळता मावळता छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायची एकच झुंबड उडते. गर्दीत सासूबाईंना नेण्याचा धीर झाला नाही. आम्ही कडेला एका दुकानाच्या पायरीवरून पाहिलं. तरी अनोळखी माणसं येऊन त्यांच्या हातात पानं देत होती आणि वाकून नमस्कार करत होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

या सोन्याची गोष्ट वाटेत भाचीला सांगितली. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. गुरूंनी शेवटी दक्षिणा मागितली ती चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा. कौत्स रघुराजाकडे गेला, पण रघूने नुकतंच सगळं दान करून टाकलेलं. त्याने कुबेराकडे मोर्चा वळवायचं ठरवलं आणि रातोरात झाडांवर मोहरांचा पाऊस पडला. कौत्साने चौदा कोटींवर एकही मोहर घेतली नाही, रघूनेही उरलेल्या परत घेतल्या नाहीत, शेवटी लोकांनी लुटल्या. भाचीने विचारलं, "मग झाडाचं काय झालं?" तिचा प्रश्न रास्त आहे. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात आणि दुसऱ्या दिवशी चौकाचौकात त्यांचा पाचोळा पडतो. एकेक पान दिलं तरी सोनं होतं.

एकादशी, तुळजापूरकडे

मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा या वाटेने सोलापूर आणि तिथून तुळजापूर. कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालली होती. वेली बोडक्या, खाली छाटलेल्या काड्यांचे ढीग. सांगोल्यात डाळिंबं. ऊन मात्र भाद्रपदापेक्षा कडक. याला हल्ली सगळे ऑक्टोबर हीट म्हणतात. पाऊस संपून हवा अजून दमट असते, आभाळ मोकळं होतं आणि ऊन सरळ डोक्यावर येतं. खिडकीजवळच्या सीटवर सासूबाईंनी पदर ओला करून डोक्यावर घेतला होता.

सोलापूर ते तुळजापूर हे पंचेचाळीसेक किलोमीटर. कोजागिरीच्या आदल्या रात्री हाच रस्ता चालणाऱ्यांनी भरून जातो. सोलापुरात रूपाभवानीचं दर्शन घेऊन लोक निघतात आणि रात्रभर चालत पौर्णिमेला तुळजाभवानीपुढे उभे राहतात. कर्नाटकातूनही लोक येतात. वाहनांना त्या काळात दुसरी वाट धरावी लागते. आमच्या कंडक्टरने आधीच बजावलं, "मावशी, परत जायचं असंल तर चतुर्दशीच्या आधी निघा, नाहीतर अडकाल."

द्वादशी, तुळजापूर

या दिवसासाठी मी हा सगळा मार्ग आखला होता.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवता येते आणि वर्षातून तीनदा ती पलंगावर निजते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून नवरात्र बसेपर्यंत घोर निद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सीमोल्लंघनासाठी पालखी आणि निजण्यासाठी पलंग नगरकडून मानाने येतात. दसऱ्याच्या पहाटे देवीला साड्यांत गुंडाळून पालखीत ठेवतात, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते, कुंकवाची इतकी उधळण होते की फरश्या चार दिवस लाल राहतात. मग देवी पलंगावर. नऊ दिवस महिषासुराशी लढून आलेली, ती आता कोजागिरीपर्यंत उठणार नाही.

आम्ही पायऱ्या उतरून गोमुखाखाली हातपाय धुतले आणि रांगेला लागलो. गर्दी होती पण नवरात्रातली रेटारेटी नव्हती. गाभाऱ्याशी आलो तेव्हा सिंहासन रिकामं आणि पलंगावर देवी. मी लहानपणापासून उभ्या, शस्त्रं घेतलेल्या, सिंहावर बसलेल्या देव्या पाहत आले. निजलेली देवी पहिल्यांदा पाहत होते. भोपे पुजाऱ्यांनी पुढे व्हायला सांगितलं तरी सासूबाई हलेनात. मागची बाई मात्र काही बोलली नाही, थांबून राहिली.

बाहेर ओवरीत एक आराधीण बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, पुढ्यात परडी. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. दोघी जवळपास एकाच वयाच्या असाव्यात. सासूबाईंनी परडीत पीठ-मीठ घातलं आणि सहज म्हणाल्या, देवी झोपलेली बघून कसंसंच झालं. आराधीण म्हणाली, "काहून वो? नऊ दिस लढली ती. मंग आंग टाकू नै का? बाई मान्सानं दमलं म्हनलं की लोकं म्हनतात नाटकं करती. तिला कोन म्हनंल?"

सासूबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. सासऱ्यांच्या आजारपणात त्या जवळपास दीड वर्ष रात्रंदिवस उभ्या होत्या. औषधांच्या वेळा, डायलिसिसच्या फेऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डबे घासायला काढले होते. आम्ही सगळे म्हणत होतो, किती धीराच्या. त्यांना कोणी झोपा असं म्हटलं नाही. मीही नाही.

दुपारी भक्तनिवासात त्या पंखा लावून आडव्या झाल्या आणि दीड तास गाढ झोपल्या. रात्री अडीचला पुन्हा जाग आलीच. असं एका दर्शनाने काही फिटत नाही आणि कोणी तसं सांगितलं तर त्यावर विसंबूही नये. झोप जाते, भूक जाते, कशातच जीव लागत नाही, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर डॉक्टरकडेच जावं. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. गाणी आणि देवदर्शन आपल्या जागी आहेत, गोळी आपल्या जागी. सासूबाईंची रात्रीची गोळी मी तुळजापुरातही चुकू दिली नाही.

त्रयोदशी, लातूरमार्गे नांदेड

दिवसभर सोयाबीन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी, मळणीयंत्रांची घरघर, भुशाची धूळ, ताडपत्रीवर पिवळ्या दाण्यांचे ढीग. लातूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा पश्चिमेला ढग आले होते आणि टपरीवरचे सगळे शेतकरी तिकडेच बघत होते. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे तर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. एक जण म्हणाला, "ते ज्वारीला, आजी. सोयाबीन भिजलं तर मोती नाही, बुरशी."

म्हण खोटी नाही. मराठवाड्यातला जुना शेतकरी रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यावर जगायचा आणि त्याला ऑक्टोबरअखेरची ओल हवीच होती. सोयाबीन या शिवारात आलं ते अलीकडच्या काही दशकांत. म्हण आहे तिथेच राहिली, पीक बदललं, आणि त्याच ढगाकडे बघणाऱ्या माणसाच्या पोटात आता गोळा येतो. शरदाच्या सौंदर्याबद्दल लिहिताना हे विसरता येत नाही. सुदैवाने त्या संध्याकाळी पाऊस आला नाही.

चतुर्दशी, रेल्वेने अकोला

नांदेडहून पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम करत गाडी अकोल्याला जाते. हिंगोली सोडल्यावर सासूबाईंना वाचा फुटली. त्यांचे वडील वैद्यकी करायचे. आश्विन लागला की घरासमोर रोग्यांची रांग. "वैद्यानां शारदी माता" असं ते हसून म्हणायचे. शरद ही वैद्याची आई, तीच त्याला पोसते. पावसाळ्यात गारठलेल्या अंगावर एकदम ऊन पडलं की पित्त उसळतं, म्हणून या दिवसांत तूप, दूध, गोड, कडू आणि तुरट खावं, दही आणि तिखट-आंबट टाळावं, दुपारी झोपू नये, रात्री चांदण्यात बसावं. घरात पाण्याचा हंडा दिवसा उन्हात आणि रात्री चांदण्यात उघड्यावर असायचा. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं, असं ते सांगत. त्याला हंसोदक म्हणतात.

"आणि घरात रोज कारल्याची भाजी," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही गाण्यातही कारलं आणि ताटातही कारलं."

जुन्या प्रार्थनेत आयुष्य मागितलंय तेही शरदांच्या हिशेबाने, जीवेम शरदः शतम्. पावसाळ्यातून सहीसलामत बाहेर पडलो, याचा आनंद त्या मोजणीत असावा असं मला वाटतं. पूर, साथी, साप, उपासमार, सगळं त्या चार महिन्यांत.

वाशीमनंतर कापूस दिसू लागला. खालची बोंडं फुटलेली, वर अजून फुलं. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात शिंपडून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. अकोल्याच्या फलाटावर मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, उभे होते. ताईला बघून त्यांनी काहीच न बोलता तिच्या हातातली पिशवी घेतली.

कोजागिरी, अकोला

मामांच्या घरी भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून बसलेली होती. वऱ्हाडात हा खेळ महिनाभर चालतो. भुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारी पागोटं घातलेले भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर गणपती. कुंभाराकडच्या मातीच्या मूर्ती, गुलाबी आणि हिरव्या रंगात रंगवलेल्या. सारीपाटात हरून शंकर रुसून गेले, पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना भुलवलं आणि परत आणलं, ती ही भुलाबाई. कोजागिरीला ज्वारीचे पाच धांडे उभे करून वरून बांधतात आणि त्या खोपीत जोडप्याला बसवतात. मामींनी धांडे कणसांसकट आणले होते. कणसं अजून हिरवट, हात लावला की परागाची धूळ बोटाला लागायची.

दुपारपासून दूध आटत होतं. मोठ्या पातेल्यात, अगदी मंद आचेवर. मामी दर थोड्या वेळाने कडेची साय उलथन्याने सोडवून दुधात ढकलत. खाली लागू नये म्हणून तळाशी उलथनं फिरवायचं ते एका दिशेने. चारोळी आधी गरम पाण्यात भिजवून तिची सालं काढलेली, बदाम-पिस्त्याची भरड, केशर कोमट दुधात खललेलं. जायफळ शेवटी, उतरवताना. आठ वाजेपर्यंत पातेल्यात निम्मं उरलं आणि रंग बदामी झाला.

गच्चीवर गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन जमल्या. आता चार मुलगेही असतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. भुलाबाईच्या गाण्यांत पुन्हा सासर-माहेर आहेच, पण इथे सून रुसून माहेरी येऊन बसते. सासरा न्यायला येतो, दागिना आणतो. ती म्हणते, येत नाही. मग सासू, दीर, जाऊ, नणंद. प्रत्येक जण नवा दागिना आणतो आणि ती प्रत्येकाला परत पाठवते. नवरा येतो तेव्हा ती निघते. हे गाणं म्हणताना मुलींचा आवाज सगळ्यात चढतो. नाही म्हणायची एवढी मुभा त्यांना एरवी कुठे होती?

गाणी संपली आणि खाऊ ओळखायचा खेळ सुरू झाला. मामींनी डबा कानाशी नेऊन हलवला. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? एकेक घर आपापला डबा घेऊन पुढे येतं आणि ओळखता येऊ नये म्हणून डब्यात चमचे आणि बिया घालून आवाज बदलतात. लाह्या, गुळपापडी, फुटाणे, शंकरपाळे ओळखले गेले. सासूबाईंनी नेलेली आमच्या आईची कडाकणी अकोल्यात कोणालाच ओळखता आली नाही. मुलींनी हार मानली तेव्हा त्यांनी झाकण काढून ती डोक्यावर धरून दाखवली.

चंद्र वर आला. पातेलं गच्चीच्या मधोमध ठेवलं, दुधात चंद्र पडला, नैवेद्य झाला. मग मामींनी निरांजन लावलेलं ताम्हण घेतलं आणि पाट मांडला. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. मामांच्या थोरल्या मुलीला ओवाळून झालं. मामी ताम्हण घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "ताई, बसा," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना कळेना. "मी कशाले? मले ओवायाले आता आई कुठं हाय?"

"या घरातल्या थोरल्या तुमीच ना. आईनं असतं तं ओवायलं असतं. आता मी हावो."

सत्तरीला आलेली ती बाई पाटावर बसली. मामींनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळून निरांजन फिरवलं. घडी न मोडलेली सुती साडी मांडीवर ठेवली. सासूबाईंची आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनीच माझ्या नवऱ्याला दर कोजागिरीला ओवाळलं, त्यांना कोणी ओवाळलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. निरांजनाकडे बघत सरळ बसल्या, मुलीसारख्या.

लक्ष्मी मध्यरात्री कोण जागं आहे ते बघत फिरते, म्हणून सगळे जागे. पत्ते निघाले, भेंड्या झाल्या, मामांनी त्यांच्या लहानपणीच्या चोरलेल्या बोरांची गोष्ट सांगितली. दोनच्या पुढे लहान मुलं सतरंजीवर आडवी झाली. अडीच वाजले तेव्हा मी सवयीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या कठड्याला टेकून खाली बघत होत्या. गल्लीतल्या गच्च्यागच्च्यांवर माणसं होती, कुठे हार्मोनियम, कुठे हसणं.

"रोज या वेळेला मी एकटी असते," त्या म्हणाल्या. "आज बघ, अख्खं अकोला माझ्यासोबत जागं आहे."

मी त्यांच्यासाठी आणखी एक पेला दूध ओतलं. त्यांनी साय वर घ्यायला सांगितली. साडेतीनला त्या स्वतःहून म्हणाल्या, आता मी पडते, आणि सतरंजीवर मामांच्या नातवाशेजारी झोपल्या. ऊन अंगावर येईपर्यंत उठल्या नाहीत.

प्रतिपदा, अकोला

भुलाबाईच्या मूर्ती या घरी विसर्जित करत नाहीत, कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवतात. धांडे मात्र मामींनी शेजारच्या गोठ्यात नेऊन दिले.

माझी गाडी संध्याकाळची होती. बॅग भरताना सासूबाई दारात आल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "अगं, मी वसुबारसेपर्यंत राहू का इथेच? दिवाळीला येते की परत. तुझी कामं अडतील का?"

मला म्हणाल्या! मी काय उत्तर देणार होते? कामं अडणार नव्हतीच, आणि अडली असती तरी मी कारल्याचं बी पेरायला सांगणार नव्हते, एवढं मी त्यांना बोलूनही दाखवलं. तेव्हा त्या इतक्या हसल्या की मामी आतून बघायला आल्या.

मग आम्ही कामाचं बोललो. गोळ्या मोजल्या तर आठवडाभर पुरतील एवढ्याच निघाल्या. मामांनी चिठ्ठीचा फोटो काढून घेतला, औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे. पुण्याच्या डॉक्टरांची तारीख मधेच येत होती, ती फोन करून दिवाळीनंतरची घेतली आणि तोवर काही वाटलं तर लगेच कळवा असं त्यांनी सांगितलं. मामींनी मला मुगाचे सांडगे, लसणाची चटणी आणि घरच्या तुरीची डाळ बांधून दिली. सासूबाईंनी पुण्याच्या घरातल्या कुंड्यांना कोणत्या दिवशी किती पाणी घालायचं ते कागदावर लिहून दिलं आणि खाली एक ओळ वाढवली, तुझ्या आईला फोन करून सांग, कडाकणी कोणाला ओळखता आली नाही.